दोन नवी ट्रम्पेट आणि तंबोऱ्याचा षड्ज

अनेक वर्षे एकाच जुन्या ट्रम्पेटवर निभावून नेल्यानंतर या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्याकडे दोन नवी वाद्ये आली आहेत, आणि त्यांच्याशी झालेल्या पहिल्या ओळखीची ही नोंद आहे. पहिले वाद्य यामाहाचे वायटीआर-४३३५जीटू हे आहे. त्यावर लॅकरचा लेप आहे, बेल (पुढचा कर्णा) गोल्ड ब्रासची आहे आणि बोअर (नळीचा आतला व्यास) ११.६५ मिलिमीटर, म्हणजे मध्यम-मोठा. दुसऱ्या वाद्यावर चांदीचा मुलामा आहे, बेल पिवळ्या पितळेची आहे आणि बोअर त्याहून किंचित मोठा आहे. त्याच्या कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण त्याच्या एका उणिवेविषयी पुढे लिहावे लागणार आहे आणि एका नगावरून साऱ्या कंपनीचा न्याय करणे बरे नव्हे. दोन्ही ट्रम्पेट बी-फ्लॅटची, म्हणजे आपल्या भाषेत काळी पाचची (पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी) आहेत.

माझे वादन गोव्यातील फोंडा आणि डिचोली भागातील मराठी-कोकणी गीतांच्या कार्यक्रमांत, बहुधा जत्रेच्या दिवसांत होते, त्यामुळे स्वरलिपीपेक्षा गायकाची पट्टी, म्हणजे तो ज्या स्वराला सा मानतो ती, हाच माझा मालक असतो. जुन्या वाद्यावर वाजवत असताना आमचे पेटीवाले काका एकदा म्हणाले होते, "बाबा, तुझा खालचा सा चढतो आणि वरचा उतरतो; तुझं सप्तकच आखूड आहे." हे बोलणे मला झोंबले होते, परंतु पुढे हिशेब मांडून पाहिला तेव्हा ते अक्षरशः खरे असल्याचे ध्यानात आले. म्हणूनच या वेळी वाद्य किती मोठ्याने वाजते किंवा वरचा स्वर किती सहज लागतो, यापेक्षा तंबोऱ्यासमोर ते कसे उभे राहते, हीच कसोटी मी धरली. माउथपीस दोन्हींवर एकच ठेवला (बाख कंपनीचा ३सी), म्हणजे ओठांमुळे पडणारा फरक शक्य तितका कमी झाला.

वाजवण्याआधी दोन्ही वाद्ये कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुऊन घेतली, कारण कारखान्यातील पॉलिशचा बारीक अंश आत राहिला तर नवे पिस्टन हमखास अडखळतात. त्यानंतर वॉल्व्हना (बोटांनी दाबायच्या तीन कळा, ज्या दाबल्या की वाद्याला जादा नळी जोडली जाते आणि ज्यांच्या आत पिस्टन वर-खाली होतात) तेल, स्लाइडना (त्याच नळ्यांचे आत-बाहेर सरकणारे भाग) ग्रीस आणि मग हवा कोंडते की नाही याची परीक्षा. वॉल्व्ह न दाबता दुसऱ्या वॉल्व्हची आखूड स्लाइड थोडी ओढून धरायची, दोन-चार क्षण थांबायचे आणि मग ती पूर्ण उपसायची. सांधे घट्ट असतील तर बाटलीचे बूच निघावे तसा "फट्" असा आवाज येतो. दोन्ही वाद्यांनी तो स्पष्ट दिला. यामाहाचे मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) पिस्टन पहिल्या दिवसापासून हलके उठले. चांदीच्या ट्रम्पेटचे पिस्टन तेल थोडे जास्त मागत राहिले, परंतु नव्या वाद्याच्या बाबतीत तक्रार करावी असे त्यात काही नाही.

नादाविषयी थोडक्यात. गोल्ड ब्रासमध्ये तांबे साधारण ८५ टक्के असते आणि पिवळ्या पितळेत ७० टक्के. या फरकामुळे नाद किती बदलतो यावर वादकांमध्ये कधी एकमत होणार नाही, पण माझ्या कानांना यामाहाचा नाद मध्य सप्तकात गोलसर आणि चांदीच्या वाद्याचा अधिक टोकदार वाटला. आपल्याकडे ट्रम्पेट म्हटले की लोकांच्या कानात अजूनही तो खणखणीत, थोडासा थरथरणारा नाद असतो, जो हळदोण्याचे चिक चॉकलेट, म्हणजेच अंतोनियो झेवियर वाझ, यांच्या पिढीने मुंबईच्या हॉटेलांतून आणि चित्रपटसंगीतातून रुजवला. तो नाद हवा असेल तर चांदीचे वाद्य उचलावे. नाट्यगीताच्या मागे भरणा करायचा असेल तर मात्र ते पुढे पुढे करते.

आता मूळ मुद्दा. एकही वॉल्व्ह न दाबता ट्रम्पेटमधून निसर्गतः सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प असे स्वर क्रमाने निघतात. यातला गंधार हा पाचवा आंशिक स्वर, म्हणजे नळीच्या सहसा न वाजवल्या जाणाऱ्या मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा स्वर, असून तो पियानोच्या गंधारापेक्षा १४ सेंटने उतरलेला असतो (सप्तकाचे १२०० सेंट धरले आहेत). ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) काटा डावीकडे जातो आणि विद्यार्थी घाबरून ओठ आवळतो. परंतु तंबोरा काळी पाचला लावून हाच स्वर मी सरळ सोडला, तेव्हा तो तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारात असा मिसळला की दोन स्वरांमधली ती लाटांसारखी थरथर पूर्णपणे थांबली. शुद्ध गंधार तोच आहे. ट्यूनरचा गंधार हा पेटीचा गंधार आहे. यामाहावर हे मीलन अगदी सहज झाले, आणि चांदीच्या वाद्यावर तो स्वर किंचित चढा निघाल्यामुळे ओठ जरा सैल सोडावा लागला.

गायकाची पट्टी बदलली की हाच गुण दोष बनतो. पट्टी पांढरी एक असेल तर ट्रम्पेटवरचा मध्य षड्ज पहिला आणि तिसरा वॉल्व्ह एकत्र दाबून येतो. प्रत्येक वॉल्व्हची नळी उघड्या वाद्याच्या लांबीच्या हिशेबाने कापलेली असते. दोन वॉल्व्ह एकदम दाबले की वाद्य आधीच लांब झालेले असते आणि जोडलेली नळी त्या मानाने तोकडी पडते. पहिल्या आणि तिसऱ्याच्या जोडीत ही तूट कागदावर सुमारे ३० सेंट भरते, म्हणजे स्वर तेवढा चढतो. उलट तार षड्ज त्याच पट्टीत फक्त पहिला वॉल्व्ह दाबून वाजवण्याची पद्धत आहे, आणि तो नेमका पाचवा आंशिक स्वर असल्यामुळे १४ सेंटने उतरतो. खालचा सा वर सरकलेला, वरचा सा खाली आलेला, मिळून अर्ध्या श्रुतीपेक्षाही जास्त, ४४ सेंटांची ओढाताण! काळी एकमध्ये हीच गत थोडी सौम्य होते, पांढरी दोनमध्ये आणखी सौम्य. कारखानदार नळ्यांच्या लांबीत थोडी तडजोड करून ठेवतात आणि वादक ओठांनी बरेच सावरतो, म्हणून प्रत्यक्षात इतके वाईट ऐकू येत नाही. तरी तंबोऱ्यासमोर लांब षड्ज धरला की लपवायला जागा राहत नाही.

यावर उपाय असा की दोन्ही षड्जांना एकच बोटे वापरावीत. पांढरी एकमध्ये तार षड्जही पहिल्या-तिसऱ्या वॉल्व्हने घेतला की तो सहावा आंशिक स्वर होतो, आणि सहावा आंशिक स्वर जेमतेम २ सेंट चढा असतो. मग खालचा आणि वरचा सा दोन्ही सारख्याच प्रमाणात चढतात, आणि डाव्या हाताच्या अनामिकेने तिसऱ्या वॉल्व्हची स्लाइड पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास बाहेर सारली की दोन्ही एकदम जागेवर येतात. काळी एकसाठी दुसरा-तिसरा वॉल्व्ह याच रीतीने चालतो, फक्त स्लाइड कमी ओढावी लागते. पांढरी दोनसाठी पहिल्या-दुसऱ्याऐवजी तिसरा एकटा दाबून पाहावा. काळी दोन आणि पांढरी चार या पट्ट्यांत षड्जासाठी असे काहीच करावे लागत नाही. स्त्री-गायिकेने काळी पाच सांगितली तर देवच पावला.

ही सारी युक्ती तिसऱ्या स्लाइडच्या हालचालीवर उभी आहे, आणि चांदीच्या ट्रम्पेटची उणीव नेमकी तिथे आहे. यामाहाची स्लाइड अनामिकेच्या नुसत्या इशाऱ्याने, स्वर चालू असतानाच सरकते. दुसऱ्या वाद्याची स्लाइड पहिला बोटभर प्रवास नीट करते आणि मग किंचित अडते. जोर लावला तर सगळे वाद्य ओठांवरून हलते, आणि षड्ज सुधारण्याऐवजी तुटतो. नळीचे दोन पाय एकमेकांना पूर्ण समांतर नसावेत असा माझा अंदाज आहे, कारण स्लाइड काढून प्रत्येक पाय स्वतंत्रपणे घातला तर तो गुळगुळीत जातो. जाड ग्रीस पुसून पातळ तेल लावल्यावर थोडा फरक पडला. घासून बसवण्याचा उद्योग घरी करू नये एवढे मला नक्की कळते, तेव्हा ते वाद्य जाणत्या कारागिराकडे जाईल.

हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. हवा एका अंशाने तापली की सूर सुमारे ३ सेंटने चढतो, त्यामुळे वातानुकूलित सभागृहात लावलेला ट्रम्पेट देवळाच्या मांडवात तसाच चालत नाही. गायकाच्या आधी दहा मिनिटे मांडवात उभे राहून वाद्यात नुसती गरम फुंकर घालत राहणे हा त्यावरचा साधा उपाय. आमच्या दमट हवेत चांदी लवकर काळवंडते हे मान्य करूनच मी ते वाद्य घेतले, आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. लॅकरवाल्या वाद्याला बाहेरून काही करावे लागत नाही, पण लीडपाइपच्या (माउथपीसनंतरच्या पहिल्या नळीच्या) आतून पितळेतले जस्त झिरपून तांबूस डाग पडू नयेत म्हणून वाजवून झाल्यावर पाणी पूर्ण काढणे आणि आत फडके ओढणे दोन्हींना सारखेच लागू आहे.

सध्या कार्यक्रमांना यामाहा जातो. पुढच्या कार्यक्रमातील गीतांच्या पट्ट्या गायकांकडून मागवून घेतल्या आहेत. बरीच गाणी पांढरी एक आणि काळी एकची आहेत, म्हणून माझ्या वहीत त्या गाण्यांच्या तार षड्जावर पेन्सिलीने बदललेली बोटे लिहून ठेवली आहेत. कारागिराकडून चांदीचे वाद्य परत आले की तेच स्वर, त्याच तंबोऱ्यासमोर, त्यावर पुन्हा तपासेन.