मोटर नसलेला व्हॅक्यूम
धातू कापताना यंत्र गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे कूलंटच्या, टाकीतला गाळ आणि धातूचा कीस उपसण्यासाठी हवेवर चालणारा व्हॅक्यूम मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्याची मोटर कुठे दडवली आहे हे मी बराच वेळ शोधत होतो. साध्या २०० लिटरच्या पिंपावर घट्ट झाकण, झाकणावर मुठीएवढा धातूचा ठोकळा आणि त्याला जोडलेली कॉम्प्रेसरची होज, एवढाच सगळा पसारा होता.

कामाचा सगळा भार त्या ठोकळ्यावर असतो. साधारण ६ ते ७ बार दाबाची (१ बार म्हणजे जवळपास वातावरणाचा दाब) हवा त्यातल्या बारीक नोझलमधून अतिशय वेगाने सुटते आणि बाहेर पडताना पिंपातली हवाही आपल्याबरोबर ओढून नेते. अरुंद जागेतून वाहताना प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे इटलीच्या व्हेंच्युरी यांनी १७९७ साली मांडले होते. काही बनावटींत नोझलऐवजी कड्यासारखी फट असते आणि तिच्यातून निघालेला पातळ झोत वळणदार भिंतीला चिकटून वाहतो. या चिकटण्याला कोआंडा परिणाम म्हणतात. फिरणारा एकही भाग नसल्यामुळे बेअरिंग झिजणे किंवा वाइंडिंग जळणे हे प्रकार इथे संभवतच नाहीत.

व्हॅक्यूम द्रव ओढतो असे आपण म्हणतो खरे, परंतु प्रत्यक्षात बाहेरचे वातावरण त्याला आत ढकलत असते. पिंपातला दाब बाहेरच्यापेक्षा ०.२ बारने कमी झाला, तर पाणी जेमतेम २ मीटर चढते. मात्र तेवढ्याच फरकाने सुमारे ५७ सेंटीमीटर व्यासाच्या झाकणावर अर्ध्या टनाहून अधिक भार येतो. आमच्याकडे एकदा शोषणाच्या होजच्या तोंडाशी कापडाचा बोळा अडकला, आतला दाब आणखी उतरला आणि पातळ पत्र्याचे जुने पिंप मोठा आवाज करत चिमटले. तेव्हापासून झाकणावरचा सुरक्षा व्हॉल्व्ह आणि पिंपाच्या पत्र्याची जाडी पाहिल्याशिवाय मी हवा सोडत नाही. पिंप भरत आले की आतला फ्लोट वर येऊन शोषणाची वाट बंद करतो. तो गाळाने चिकटलेला नाही ना, हेही पाहावे लागते.

काही यंत्रांत बाहेर जाणारी हवा अडवून तीच पिंपात वळवता येते आणि त्या दाबाने गाळलेले कूलंट परत टाकीत ढकलता येते. ही सोय मला सर्वांत आवडते, पण इथे दाब आतून बाहेर असल्याने त्यासाठी जादा दाब बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह वेगळा लागतो.

साधेपणाची किंमत वीजबिलात मोजावी लागते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बराचसा भाग उष्णतेतच वाया जातो, आणि झोताने हवा ओढण्याची ही पद्धतही काटकसरी नाही. म्हणून दिवसभर सलग झाडलोट करायची असेल, तर मी विजेवरचेच यंत्र निवडेन. टाकी अर्ध्या तासात रिकामी करायची असेल, तर मात्र हेच.

विजेची मोटर नाही म्हणजे ठिणगी नाही, असा समज करून ज्वलनशील सॉल्व्हंट ओढणे धोक्याचे आहे. होजमधून वेगाने जाणाऱ्या कणांमुळे आणि द्रवामुळे स्थिर विद्युतभार साठतो. असे द्रव फक्त त्यासाठीच बनवलेल्या यंत्राने, वीजवाहक होज वापरून आणि पिंपाला अर्थिंगची क्लिप रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर लावूनच उपसावेत.