दिवा पिवळा, अडीच दिवस वाया आणि कुणी न वाचलेला ‘९’

दोष निघाला वायर जोडायच्या, बोटाच्या पेराएवढ्या पिनेत. त्या पिनेपायी मी मालाने भरलेला ट्रक वर्कशॉपच्या कंपाउंडात लावून दोन रात्री केबिनमध्ये डास मारत काढल्या. महिना झाला, तरी आठवलं की डोकं तापतं.

गाडी माझी दहाचाकी, बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतली. भिवंडीहून मिरजेचा माल होता. खंबाटकीच्या चढाला गाडी उठेचना. दुसऱ्या गिअरात रडत रडत वर आली, मागे हॉर्नचा नुसता कल्ला. चेक इंजिनचा पिवळा दिवा खरं तर आठवडाभर लागलेला होता. पण युरियाची (धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये फवारतात त्या द्रवाची) टाकी भरलेली, ऑइल-पाणी जागेवर, म्हणून मी काणाडोळा केला. ही चूक माझी. बीएस-६ गाडीत धुराच्या यंत्रणेचा दोष तसाच ठेवला की ठरावीक तासांनी इंजिन आपणहून जोर कमी करतं, आणि ते नेमकं घाटातच कळतं.

घाट उतरून हायवेलगतच्या वर्कशॉपला सकाळी ९ ला पोचलो. जॉब कार्ड निघालं ११ ला. दोषाचा कोड वाचायचा लॅपटॉप एकच, तो दुसऱ्या गाडीला लावलेला. मग वर्कशॉपचे साहेब जेवायला गेले. मग साहेबांचा फोन चालू. साडेचारला एक पोरगा आला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर लावली, स्क्रीनवर ओळ उमटली न उमटली तोच त्याने ‘क्लिअर’ दाबलं. दिवा गेला. ‘झालं, घेऊन जा.’ बिल ११८० रुपये.

उंब्रजच्या अलीकडे दिवा परत हजर.

भरल्या गाडीनिशी उलटा फिरलो, डिझेल अर्थातच माझं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग, तोच एक लॅपटॉप. या वेळी मात्र मी पोराच्या खांद्याशी उभा राहिलो आणि त्याचं बोट बटणाकडे जायच्या आत मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. दोषाचा कोड होता एसपीएन ३२२६, एफएमआय ९. साहेबांनी पहिला आकडा वाचला आणि निकाल दिला, ‘मागचा नॉक्स सेन्सर गेला. एकतीस हजार. स्टॉकला नाही, चार दिवस लागतील.’ नॉक्स सेन्सर म्हणजे धुरातला विषारी वायू मोजणारा.

मी विचारलं, ‘साहेब, हे ९ काय आहे?’

‘ते असतंच.’

वॉरंटी संपून चार महिने झालेले. तिकडे मालवाल्या पार्टीचा दर तासाला फोन. रात्री केबिनमध्ये पडल्या पडल्या मोबाइलवर त्या ९ चा शोध घेतला, आणि तेव्हा खरा संताप आला. एसपीएन सांगतो कुठे दुखतंय, एफएमआय सांगतो काय दुखतंय. ३ किंवा ४ असेल तर व्होल्टेज जास्त किंवा कमी, ५ असेल तर बहुधा वायर तुटलेली. ९ म्हणजे समोरून निरोपच वेळेवर येत नाही. म्हणजे माझा सेन्सर चुकीचं बोलत नव्हता, त्याचा आवाजच पोचत नव्हता. मेलेला असू शकतो, पण करंट मिळत नसेल किंवा वायरीत खोट असेल तरी हेच दिसणार. एकतीस हजार काढण्याआधी वायर बघायला मीटर लागतो, दहा मिनिटं लागतात. तो मीटर तिथे कुणी हातात धरला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी काढली आणि रखडत कराडला आणली. तिथे ताडपत्रीच्या शेडमध्ये एक वायरमन मिस्त्री बसतात. त्यांनी फोटो बघितला आणि सरळ सायलेन्सरच्या बाजूला वाकले. सेन्सरच्या वायरीचा जोड, म्हणजे कनेक्टर, सोडून मीटर लावला तर २४ व्होल्ट पुरेपूर. मी म्हटलं, म्हणजे सेन्सरच गेला. ते काही बोलले नाहीत. कनेक्टर परत जोडला, मागून मीटरची सुई घातली, किल्ली फिरवली. काटा १५ वर. ‘मालक, सेन्सर मेला नाय, उपाशी हाय.’ या सेन्सरच्या आत हीटर असतो, तो करंट ओढायला लागला की दोष उघडा पडतो. रिकाम्या कनेक्टरवर मीटर लावून काही कळत नाही. पिना बाहेर काढल्या तर कल्हई उडालेल्या भांड्यासारखा हिरवा कळंक चढलेला. नव्या पिना, नवा कनेक्टर, मजुरी धरून ६५० रुपये. त्यांच्याच स्कॅनरने कोड पुसला आणि गाडी मिरजेपर्यंत पूर्वीसारखी पळाली.

मधेच आठवलं म्हणून सांगतो. मेहुण्याने त्याच्या कारचा ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर दिला होता, तो लावू नका. तो १२ व्होल्टचा, आपली गाडी २४ ची, जळायची भीती. आणि कारचे ‘पी’वाले कोड वेगळे, जड गाड्यांची भाषा वेगळी. तसंच दिवा लाल असेल तर हे सगळं विसरा आणि गाडी बाजूला घ्या. ऑइल प्रेशर किंवा पाण्याचं तापमान असलं तर पुढचा एक किलोमीटरही महागात पडतो.

युरियाचंही तेच. कोड जर धूर नीट साफ होत नसल्याचा आला, तर आधी युरिया तपासा. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असायला हवं. सुट्या कॅनमधला भेसळीचा निघतो, आणि दोष सेन्सरच्या माथी बसतो. रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातलं प्रमाण दाखवणारं छोटं यंत्र) दोन थेंब टाकले की निदान टक्केवारी तरी लगेच समजते.

पाचव्या दिवशी वर्कशॉपचा फोन आला, ‘सेन्सर आलाय, कधी येताय?’ काय बोललो ते इथे लिहीत नाही.

मिस्त्रींच्या मते कळंक चढला तो प्रेशरच्या पाण्याने. आता गाडी धुवायला देताना त्या कनेक्टरला मी आधी प्लास्टिकची पिशवी बांधतो. पोरं हसतात.