कापरापासून कार्बन नॅनोट्यूब: प्रयोगशाळेतील माझा अनुभव

पदव्युत्तर प्रकल्पासाठी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, स्वतःच तयार करायच्या असे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न पद्धतीचा होता. जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये वर्णन केलेल्या बहुभिंती (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या) नळ्या ग्रॅफाइटच्या दोन कांड्यांमधील विद्युत आर्कमधून मिळाल्या होत्या. आर्क किंवा लेसरच्या पद्धतीत घन कार्बनचीच वाफ करावी लागते. तेवढी यंत्रणा आमच्या विभागात नव्हती, मात्र क्वार्ट्झची नळी बसवलेली दोन कप्प्यांची विद्युत भट्टी होती. त्यामुळे सीव्हीडी (रासायनिक बाष्प निक्षेपण, म्हणजे कार्बनयुक्त वाफेचे उष्णतेने विघटन करून कार्बन जमवणे) ही पद्धत निवडली आणि कार्बनचा स्रोत म्हणून कापूर घेतला, कारण तो वनस्पतिजन्य आहे, सहज मिळतो आणि मंद उष्णतेनेही त्याची वाफ होते.

कापरात थोडे फेरोसीन (लोहाचे एक सेंद्रिय संयुग) मिसळून ते मिश्रण पहिल्या कप्प्यात सुमारे २०० अंश सेल्सिअसला ठेवले, तर दुसरा कप्पा ८५० अंशांवर नेला. आरगॉनच्या प्रवाहाबरोबर वाफ पुढे जाते, उष्ण भागात फेरोसीनचे विघटन होऊन लोहाचे सूक्ष्म कण सुटतात आणि कापरातला कार्बन त्या कणांवर नळीच्या रूपाने वाढतो. मिश्रण फार वेगाने तापवले, तर कार्बनचा पुरवठा कणांना पेलत नाही आणि नळ्यांऐवजी काजळीच वाढते. म्हणून पहिल्या कप्प्याचे तापमान सावकाश चढवणे हेच या पद्धतीचे मर्म आहे, असे माझे ठाम मत झाले. भट्टी पुरती थंड होईपर्यंत आरगॉन चालू ठेवणेही तितकेच आवश्यक असते, कारण तप्त नळ्यांना हवा लागली की त्या जळून जातात.

क्वार्ट्झच्या आतून खरवडलेला काळा थर म्हणजे शुद्ध नॅनोट्यूब नव्हेत. प्रथम हवेत बेताने तापवून अस्फटिकी कार्बन जाळला, नंतर हायड्रोक्लोरिक आम्लात ढवळून लोह विरघळवले आणि गाळलेले पाणी उदासीन होईपर्यंत नमुना धुतला. शुद्धीकरणाला वाढीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटात) १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचे, ग्रॅफाइटसारखी रचना दाखवणारे जी शिखर आणि १३५० प्रति सेंटिमीटरजवळचे दोषदर्शक डी शिखर, दोन्ही स्पष्ट दिसली. तरीही नमुना हवेत पूर्ण जाळल्यावर लालसर राख उरलीच. ते लोहाचे ऑक्साइड होते, कारण नळ्यांच्या पोकळीत बंद झालेल्या कणांपर्यंत आम्ल पोहोचत नाही. त्यामुळे प्रत्येक बाटलीवर उरलेल्या लोहाचे प्रमाण लिहूनच मी नमुने पुढील मोजमापांसाठी दिले.