खातो, पण अंगी लागत नाही

मी आरोग्यसेविका, माझं उपकेंद्र गिरणाकाठच्या गावात. उन्हाळ्यात तिथे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी पाण्याची पाळी होती आणि अंगणवाडीत वजनंही होती.

सात महिन्यांचा मुलगा. पाचव्या महिन्यात ६ किलो १०० ग्रॅम, आजही तेवढाच. या वयाला मुलांचं सरासरी वजन आठच्या पुढे असतं. आई अंगावर पाजते, वरणभात, कुस्करलेलं केळं देते. "खातो हो, पण अंगी लागत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. जुलाब? "दात येताय ना, त्याचे होतात." आजीने पाणी तिसऱ्या महिन्यापासूनच सुरू केलेलं. "उन्हाया शे ताई, पोऱ्याना घसा कोरडा पडस." आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असतं, सहा महिने वरून थेंबही लागत नाही, हे गरोदरपणापासून सांगतो, पण खान्देशातल्या उन्हापुढे आजीला ते पटत नाही.

घरी गेले. दारात मोटर घरघरत होती, थेट नळाच्या पाइपला जोडलेली. पाइप गटारातून आलेला, सांध्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. लाइनला दाब नसताना मोटर ओढते ती पाण्याबरोबर गटारही ओढते! टाकीखालच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची तपासणी केली, पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन होतं. या घरच्या नळाचं पाणी पांढरंच राहिलं. नमुना एचटूएसच्या बाटलीत भरून ठेवला; पाण्यात विष्ठेतले जंतू असले की ती काळी पडते. दुसऱ्या दिवशी बाटली काळीकुट्ट.

असं पाणी रोज पोटात गेलं की आतड्याचं अस्तर सुजतं, झिजतं. मग जुलाब नसले तरी अन्न नीट शोषलं जात नाही. अशा घरी नुसतं "अजून खाऊ घाला" सांगणं म्हणजे त्या आईवर अन्याय आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओआरएस दिलं, झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस. पाणी उकळून, झाकून, ओगराळ्यानेच काढायचं. आजीच्या हाताने एकदा करून घेतलं. बाटली घेऊन ग्रामपंचायतीत गेले. "टाकीत टीसीएल रोज टाकतो," असं उत्तर मिळालं. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. टाकीबद्दल माझी तक्रार नव्हतीच. मी त्यांना गल्लीत नेऊन तो सांधा दाखवला.

पुढच्या वजनाला मुलगा साडेसहाच्या काट्यावर आला. त्या गल्लीतला पाइप गटारातून वर घेतलाय. बाकीच्या गल्ल्यांचे अजून गटारातच आहेत; त्यांची यादी घरमालकांच्या सह्यांसह ग्रामसभेत दिली आहे.