कापराचं नाक आणि अडलेली फाईल

माझ्या यानाच्या प्रतिकृतीचं नाक कापराचं होतं. हसू नका. ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाने जाणाऱ्या यानाचं उष्णतारोधक आवरण जळत, झिजत जातं, तसा त्याचा आकार बदलतो. प्रतिकृतीवर वेगवान हवेचा झोत सोडून चाचणी घेतात त्या पवनबोगद्यात सहसा तेवढी उष्णता मिळत नाही, म्हणून कमी तापमानाला उडून जाणारा कापूर किंवा नॅप्थलीन वापरायची पद्धत जुनीच आहे.

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारातून कापूर आणला, कुंडईच्या वर्कशॉपात पोलादी साच्यात दाबून शंकू काढला. आठवड्यात काम झालं.

मग चाचणीसाठी अर्ज. पवनबोगदा असलेल्या, राज्याबाहेरच्या प्रयोगशाळेच्या फॉर्मात 'प्रतिकृतीचे साहित्य' असा रकाना. मी सरळ 'कापूर' लिहिलं. अर्ज परत: 'ज्वलनशील. सुरक्षा विभागाची मंजुरी जोडा.' सुरक्षा विभागाला पुरवठादाराचं माहितीपत्रक हवं. आई ज्याच्याकडून आरतीचा कापूर घेते तो दुकानदार म्हणाला, "बाय, पुडीबरोबर कसलं पत्रक?" (प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्याकडूनच घ्या, पत्रक आपोआप येतं. मला हे दोन महिन्यांनी कळलं.) पत्रक पाठवलं, तर तिसरी शंका: वाफ काचांवर जमली तर? ही रास्त होती. श्लीरेन छायाचित्रं (हवेच्या घनतेतले फरक दाखवणारी) त्याच काचांतून घेतात, बोगदा पुसत बसायला वेळ कोणाला? पण मग पहिल्याच पत्रात का नाही विचारलंत? तेवढ्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. मी इथे माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायला मदत करत होते आणि तिकडे फोन कोणी उचलत नव्हतं.

चवथीनंतर कपाट उघडलं तर शंकूचं टोक बोथट! काट्यावर वजनही घटलेलं. वाऱ्याचा झोत न लागताच माझं ॲब्लेशन, म्हणजे ही झीज, कपाटात उरकत होतं. तेव्हा घट्ट झाकणाचा डबा वापरा आणि एक नाक जादा दाबून ठेवा. मी नवं दाबलं.

शेवटी तारीख मिळाली. प्रत्यक्ष चाचणी काही सेकंदांची. नाक गोलसर झालं, पण एका बाजूने जास्त. प्रतिकृती वाऱ्याच्या सरळ रेषेत असूनही तिच्यावरची बलं मोजणाऱ्या तराजूने तिला वळवू पाहणारा आघूर्ण दाखवला. आकाशात असं वाकडं झिजलेलं यान तिरकं होऊन वाट सोडतं. मला तर नाचावंसं वाटलं.

चाचणीआधी नाकाचा चहूबाजूंनी, मोजपट्टी धरून फोटो काढा. मी घाईत विसरले. ते वाकडेपण वाऱ्याचं की माझ्या साच्याचं, असं सर अजून विचारतात.