माझा अनुभव: अडतीस टाक्यांची मनगटी

थंडी सुरू झाली की आमच्या निफाड तालुक्याचं नाव पेपरात येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती खाली गेला एवढी एक ओळ, आणि सोबत द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोटीचा फोटो. मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत धूर करतात, ठिबकचं पाणी सोडतात. द्राक्षाची एवढी काळजी. कांद्याच्या सौद्याची चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या बोटांकडे मात्र कोणी कॅमेरा वळवत नाही.

मी लासलगावच्या बाजारात एका कांदा व्यापाऱ्याकडे लिहिणारा आहे. सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, शेठ लोक रांगेतून चालत भाव पुकारतात, आणि सौदा ठरला की मी ट्रॉलीच्या फाळक्यावर पुस्तक टेकवून नाव, गाव, भाव लिहून चिठ्ठी फाडून देतो. खाली कार्बन असतो, त्यामुळे पेन दाबून चालवावं लागतं. डिसेंबरात बोटं अशी बधिर होतात की पेन धरलंय की नाही तेही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी माझा १ नऊसारखा आला. ११५० चे १९५० वाचून शेतकरी खूश, शेठ लाल. पुढे काय झालं ते सांगत बसत नाही, पण त्या दिवशी मी बाजारपेठेतून हातमोजे आणले.

हातमोज्यांनी काम आणखीच अडलं. कार्बन सुटा होईना, कॅल्क्युलेटरची एक कळ दाबायला जावं तर दोन दाबल्या जात, आणि फोनला तर लोकरीचं बोट कळतच नाही. बोटांची टोकं कात्रीने कापली. आठवडाभरात मोजा तिथून उसवत उसवत तळव्यापर्यंत आला.

आत्याकडे नाशिकला गेलो होतो तेव्हा ते ध्यान तिने पाहिलं. आत्या पंचाहत्तरीच्या पुढची. तिच्या शाळेत शिवण-विणकामाचा तास असे, तेव्हापासून तिच्या हातात सुया आहेत. तिने तो मोजा उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाली, "अरे, विणलेलं कापतात होय? तुला मोजे नकोतच, मनगटी हवी, बोटं मोकळी ठेवून मनगट-तळवा झाकणारी. मनगट गरम राहिलं की बोटं आपोआप राहतात." मला ते तेव्हा पटलं नाही. पण वैद्य नाडी बघतात ती जागा बघा, तिथं रक्ताची वाट कातडीच्या अगदी जवळून जाते. बोटांकडे जाणारं रक्त तिथंच गार झालं तर पुढं बोटांनी काय करायचं?

"मग विणून दे ना," मी म्हटलं.

"माझे डोळे आता चालत नाहीत. तू वीण. मी सांगते."

आता पुरुषाने विणायचं म्हणजे आमच्याकडे काय होतं ते सांगायला नको. मी गुपचूप करायचं ठरवलं, म्हणून आत्याला न विचारता आधी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातली बाई म्हणाली ४ची सुई घ्या, ४८ टाके घाला. दुकानात गेलो, "४ नंबर सुया द्या" म्हटलं. त्याने दिल्या. चांगल्या जाडजूड, जवळजवळ पेन्सिलीएवढ्या. मला वाटलं, अशाच असतात.

इथं माझी पहिली फसगत झाली. ती बाई मिलिमीटर सांगत होती आणि दुकानदार नंबर. आपल्याकडे सुयांचे जे जुने नंबर चालतात ते उलटे आहेत: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, आणि मी आणलेली ४ नंबर म्हणजे चांगली ६ मिलिमीटर. शिवाय त्या बाईची लोकर माझ्यापेक्षा बारीक होती. दहा-बारा रात्री खपून जे तयार झालं ते हातात घातलं तर हात खाली केला की जमिनीवर पडे. पायात चढवून बघितलं. पोटरीला नेमकं बसलं.

ते घेऊन आत्याकडे गेलो. ती इतकी हसली की खोकला लागला. मग म्हणाली, "उसव." मी तोंड पाडलं. "उसव रे, लोकर कुठं जातेय? कापड कापलं की गेलं. हे गेलं का? गुंडा कर." मी एक टोक ओढलं आणि दहा-बारा रात्री पाच मिनिटांत सरसर सुटून आल्या. धागा शेवयांसारखा कुरळा झाला होता. आत्याने तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, पाण्यातून काढली आणि वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सरळ.

त्यानंतर तिने मला विणायला नाही, मोजायला बसवलं. ८ नंबरच्या सुया आणवल्या. ३० टाके घालून नुसता एक चौकोन विणायला लावला, एक ओळ सुलट, एक ओळ उलट. मला ते फुकटचं काम वाटलं. तो चौकोन टेबलावर पसरून, न ताणता, मध्यावर पट्टी ठेवली: १० सेंटिमीटरमध्ये २१ टाके, २८ ओळी. "हा तुझा हात," आत्या म्हणाली. "त्या बाईचा नाही, माझा पण नाही. तीच लोकर, तीच सुई घेऊन मी विणलं तर चोवीस बसतील. तू ढिला विणतोस."

मग अंगठा सोडून तळहाताचा घेर टेपने घेतला, साडेवीस सेंटिमीटर भरला. दोन-दोनची, म्हणजे दोन सुलट दोन उलट टाक्यांची वीण ताणते, म्हणून अडीच सोडून द्यायचे, राहिले १८. एका सेंटिमीटरला २.१ टाके, म्हणून गुणिले २.१, आले ३७.८. हिशेब माझा धंदा आहे, मी लगेच म्हटलं, चाळीस घालू. आत्या म्हणाली, अडतीस. का, तर दोन सुलट दोन उलट अशी वीण चारच्या पाढ्यात चालते, आणि वर दोन टाके जास्त घ्यायचे. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत आत जातो. दोन्ही कडांना दोन-दोन सुलट असतील तर शिवल्यावर एक इकडचा, एक तिकडचा मिळून दोन सुलट होतात आणि जोड दिसतच नाही. छत्तीस अधिक दोन. बाजारात पंचवीस वर्षं आकडेमोड केली, पण एवढा चोख हिशेब क्वचित बघितला.

टाके कसे घालायचे ते लिहून कळणार नाही, कुणाच्या तरी शेजारी बसून बघा. एक मात्र सांगतो, दोन्ही सुया एकत्र धरून त्यांच्यावर टाके घाला आणि मग एक सुई काढून घ्या. काठ सैल राहतो, हात आत जाताना कुरकुर करत नाही.

खरी मारामारी दोन-दोनच्या विणीत झाली. सुलट विणताना धागा मागे असतो, उलट विणताना पुढे. सुलटवरून उलटवर येताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे घ्यायचा. माझा धागा सुईच्या वरून यायचा. तसं झालं की सुईवर एक वेढा जास्त बसतो आणि पुढच्या ओळीत तो गुपचूप टाका होऊन जातो. अडतीसचे एकोणचाळीस, मग एक्केचाळीस. पाच-सहा ओळी झाल्या की काठ ट्रॉलीतल्या मालासारखा बाहेर फुगलेला. आत्याने लावून दिलेली सवय अजून आहे: प्रत्येक ओळ संपली की टाके मोजायचे. कंटाळा येतो. पण दहा ओळी उसवण्यापेक्षा अडतीस मोजणं बरं.

आणि दुसरं, ओळ मध्येच सोडून उठायचं नाही. मी फोन घ्यायला उठलो, परत आलो तर कुठून कुठे चाललो होतो तेच कळेना. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "आठवू नकोस, बघ. सुईवरच्या टाक्याच्या खाली बघ. वेणीच्या पेडासारखं दिसतंय तो सुलट, तो सुलट वीण. गळ्याशी मणी अडकल्यासारखं दिसतंय तो उलट, तो उलट वीण. जसं दिसतंय तसं वीण." त्या रात्री मी पहिल्यांदा टाके बघितले. त्याआधी नुसते मोजत होतो.

सव्वीस-सत्ताविसाव्या ओळीला एक टाका सुटला. कळलं तेव्हा तो चार ओळी खाली गेला होता आणि वर चार आडव्या दोऱ्यांची शिडी उभी होती. माझ्या पोटात गोळा. पण हे दुखणं दिसतं तेवढं मोठं नसतं. क्रोशाची सुई सुटलेल्या फासात घालायची, वरचा पहिला दोरा आकड्याने पकडून त्या फासातून ओढायचा, मग त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. चौथा ओढला आणि टाका परत सुईवर चढवला. मागून-पुढून बघितलं, कुठं सुटला होता ते मलाच सापडेना. तो उलट टाका असता तर कापड पालटून मागच्या बाजूने हेच करायचं.

५६ ओळी झाल्या म्हणजे २० सेंटिमीटर. टाके बंद करताना मी नको तेवढा घट्ट ओढला आणि बोटांशी येणारा काठ करकचून बसला. पुन्हा उसवली, फक्त शेवटची ओळ. आणि इथं त्या फसलेल्या ४ नंबरच्या जाड सुईला काम मिळालं: बंद करताना उजव्या हातात ती धरली, टाके आपोआप सैल आले. आता मी ती सुई त्यासाठीच ठेवतो.

शिवायला मी बाजारातून दाभण आणलं. गोण्या शिवायचं आमच्याकडे पडलेलंच असतं, भोक मोठं, लोकर जाते. आत्या कपाळावर हात मारून घेणार होती. दाभणाचं टोक अणकुचीदार, ते टाक्याच्या मधून न जाता लोकरीच्याच चिरफळ्या करतं. लोकरीची सुई बोथट असते, दुकानात वेगळी मागावी लागते. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही कडा शेजारी-शेजारी लावायच्या, एकदा इकडच्या काठाच्या आतला आडवा दोरा उचलायचा, एकदा तिकडचा. सात-आठ वेळा झालं की दोरा हळूच ओढायचा. दोन्ही कडा चेन लावल्यासारख्या मिटतात. मनगटाच्या बाजूने १२ सेंटिमीटर शिवलं, ५ अंगठ्यासाठी मोकळं सोडलं, वरचे ३ परत शिवले. अंगठ्याचं वेगळं विणकाम नाही, डावं-उजवं नाही, दोन्ही नग एकसारखे.

एकसारखे म्हणजे, व्हायला हवे होते. पहिल्याच्या ओळी मी मोजल्या होत्या, दुसरा "साधारण तेवढाच" केला. चार ओळींनी कमी भरला. त्या जोडीतला आखूड नग मी डाव्या हातात घालायचो, कारण लिहितो उजव्याने.

ती पहिली जोडी बाजारात तीन आठवडे टिकली. दोष विणीचा नव्हता. लोकर म्हणून मी जे घेतलं होतं ते अॅक्रिलिक होतं. मऊ, स्वस्त, धुवायला सोपं, पण सकाळी सगळे शेकोटीभोवती हात धरून उभे असतात त्या जागी चुकीचं. एक ठिणगी उडाली, मनगटावर बसली आणि जिथं बसली तिथं भोक पडून कडेला काळा टणक मणी झाला. थोडक्यात वाचलो, कातडीला चिकटला असता. खरी लोकर पेटत असली तरी अशी वितळत नाही, तिला जळक्या केसाचा वास येतो आणि बोटांत चुरगळली की राख होते. दुकानात खात्री नसेल तर धाग्याचा एक तुकडा मागून घ्या आणि घरी येऊन चिमट्यात धरून जाळून बघा. दुसरी जोडी मी खऱ्या लोकरीची केली. ती थोडी टोचते, गार पाण्यात हातानेच धुवावी लागते आणि दोरीवर टांगता येत नाही, ओल्या वजनाने लांबते. टॉवेलवर सपाट वाळवतो.

गुपचूप काही राहिलं नाही, ते वेगळं सांगायला नको. नाशिकला जाताना रेल्वेत विणायला बसलो आणि समोरच्या बाकावर नेमके आमच्याच बाजारातले दोन मापारी. दुसऱ्या दिवशी "काय आत्याबाई" म्हणून हाका सुरू झाल्या. चार दिवस चालल्या. मग पारा सहावर आला, हाका थांबल्या आणि माझ्या हातांकडे बघणं सुरू झालं.

परवा आमचे हमालमामा आले. काही बोलले नाहीत, पुस्तकावर नुसता पंजा ठेवला. मी खिशातून टेप काढला. गोण्या उचलून झालेला पंजा तो, अंगठा सोडून चांगला २४ सेंटिमीटर भरला. अडीच वजा, साडेएकवीस. कॅल्क्युलेटर हातातच होता: ४५.१५. चौवेचाळीस अधिक दोन, शेचाळीस टाके. चिठ्ठीच्या मागे लिहून घेतलं.

"रंग कोणता मामा?"

"कांद्याचा."

"लाल का उन्हाळ?"

"लाल," मामा म्हणाले. "उन्हाळला थंडी कुठनं वाजायची?"