थंडीत अंडी देणाऱ्या कोंबड्या निवडताना: खानापूर भागातला अनुभव

दिवाळी सरली की बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात जवारी (गावठी) कोंबड्यांची अंडी बंद पडतात आणि सगळे थंडीला दोष देतात. आम्हीही आधी थंडीला टिकणारी जातच शोधत होतो. पण आपली थंडी कुठलीही धडधाकट कोंबडी सोसते. तुरे गोठतात ते बर्फाच्या मुलखात. इथे अंडी थांबतात ती दिवस लहान होतो आणि त्याच सुमारास पिसं झडतात म्हणून. डिसेंबरात बेळगावचा दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा. नियमित अंड्याला चौदा तास उजेड लागतो.

असील ही जात आधीच बाजूला ठेवली. वर्षाला ३०-४० अंडी, त्यात सारखी खुडूक, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसणारी. झाबुआचा कडकनाथ १००च्या आसपास जातो, पण नीट खुडूक बसत नाही, मग उबवायला दुसरी कोंबडी हवी. गिरीराज, कावेरी, ग्रामप्रिया अंड्याला चांगल्या, पण त्या संकरित. त्यांची पिलं आईसारखी निघत नाहीत. घरची पैदास पुढे चालवायची होती, म्हणून सहा ऱ्होड आयलंड रेड (ही शुद्ध जात, संकरित नाही) आणि चार जवारी, असं ठरवलं. रेड अंड्याला, जवारी उबवायला.

जवारीत मात्र जातीपेक्षा एकेक कोंबडी बघावी लागते. ऑगस्ट-सप्टेंबरातच पिसं गाळायला लागणारी, पंखाचं एकेक पीस सोडत तीन-चार महिने रेंगाळणारी कोंबडी अंड्याला कमीच. उशिरा सुरुवात करून एकदम बरीच पिसं टाकते आणि पटकन भरून येते, ती ठेवायची. सप्टेंबरात पायात रंगीत कडी घालून हे टिपून ठेवलं आणि उबवायला अंडी त्याच कोंबड्यांची घेतली. बाजारात घेताना शेपटीखालची दोन हाडं चाचपायची: मध्ये दोन-तीन बोटं मावली तर अंड्यावर आहे, एकच मावलं तर नाही.

सगळ्यात जास्त फरक पडला तो पिलं काढण्याच्या महिन्याने. पहिल्या वर्षाची तलंग (नुकती अंड्यावर येणारी तरुण कोंबडी) सहसा त्या हिवाळ्यात पूर्ण पिसं गाळत नाही, म्हणून ती थंडीभर अंडी देते. जवारी तलंग सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते, रेड पाच-साडेपाच महिन्यांनी. म्हणून जवारीची पिलं मार्च-एप्रिलात, रेडची मेच्या मध्यापर्यंत निघायला हवीत. जून-जुलैत काढली तर आपल्या पावसात खालचं भाताचं तूस ओलं राहतं आणि रक्ती हगवण पिलं नेते.

दिवा नोव्हेंबरात लावला: दहा कोंबड्यांच्या खुराड्याला ९ वॅटचा पिवळसर एलईडी, टायमरवर, पहाटे चारला. संध्याकाळी सहापर्यंत चौदा तास भरतात. उजेड पहाटेच वाढवायचा. रात्री वाढवून एकदम बंद केला तर कोंबड्या दांडीवर न चढता जमिनीवरच बसतात. वीस आठवड्यांखालच्या तलंगांना मात्र दिवा नको, अंग भरण्याआधी अंडी सुरू झाली तर अंडमार्ग बाहेर येतो. वीज जाते तिथे बॅटरीवरचा दिवा घ्या. दोन-तीन दिवस उजेड चुकला की अंडी घटतात, कधी अवेळी पिसंही झडतात.

दर कोंबडीला रोज ११०-१२० ग्रॅम लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य), शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात. नुसत्या मक्यावर आणि कणीवर प्रथिनं कमी पडतात, मग दिवा लावूनही उपयोग नाही. थंडी म्हणून खुराडं ताडपत्रीने गच्च बंद करण्याची चूक फार घरांत होते. विष्ठेचा अमोनिया कोंडतो, डोळे पाणावतात, अंडी पडतात. वारा येतो त्या बाजूला गोणपाट पुरे. छपराखालची वीतभर फट उघडीच ठेवा.

फेब्रुवारीत दिवा एकदम काढू नका. एप्रिलपर्यंत चालू ठेवून मग आठवड्याला पंधरा मिनिटं कमी करत आणला.